धुरवलेलं मटण दर वेळी वातड होतं? लाकूड बदलण्याआधी तुकडा बदला

चार तास धूर दिला, रंग सुरेख आला, वासानं शेजारच्या गच्चीवरची माणसं कठड्याशी येऊन उभी राहिली. आणि पहिला घास घेतला तर मटण वातड. वरून खरपूस, आत दोऱ्यांची गुंडी, चावून चावून जबडा दुखावा असं. इंदूरमधल्या ओळखीच्या घरांतून दर हिवाळ्यात मला हीच तक्रार ऐकू येते. घरी ड्रम किंवा झाकणाची शेगडी आणून मटण धुरवायला लागलेली मंडळी आता बरीच आहेत. बिघडलं की ती लाकूड बदलतात, कोळसा बदलतात, झाकणाची भोकं मोठी करून घेतात. मीही दोन वर्षं हेच करत होते. बदलायला हव्या होत्या मुख्यतः दोन गोष्टी. एक, खाटकाकडे मागायचा तुकडा. दुसरी, बोकड कापल्यापासून तो तुकडा आचेवर चढेपर्यंतचा वेळ.

आमच्याकडे धुळवडीला मटण होतंच. त्या वर्षी दीर-जाऊ पुण्याहून आले होते, म्हणून मी गच्चीवर अख्खी रान, म्हणजे मागची मांडी, धुरवायची ठरवली. सकाळी सातला रांगेत उभी राहिले, साडेआठला मटण घरी, मसाल्यात कच्ची पपई घालून चोळलं आणि साडेदहाला ड्रममध्ये. तीन वाजता काढलं तेव्हा बाहेरचा बोटभर थर पिठासारखा भुरभुरत होता आणि आतलं मांस सुरीला दाद देत नव्हतं. शेवटी बोटी, म्हणजे लहान तुकडे, करून कुकरमध्ये घातलं आणि रस्सा केला. रस्सा चांगला झाला, पण सगळा धूर त्यात विरघळून गेला. त्या एका सकाळी मी तीन वेगवेगळ्या चुका केल्या होत्या. त्या सुट्या करून पाहायला मला पुढचा अख्खा हिवाळा लागला.

पहिली चूक म्हणजे रानच. रान हा दुकानातला मानाचा तुकडा. भाव जास्त, हाड कमी, पाहुण्यांसमोर ठेवायला देखणा. पण बोकड मांडीवर धावतो, आणि तिथले स्नायू मोठे, गोळीबंद आणि जवळजवळ चरबीशिवाय असतात. मंद आचेवर तासन्‌तास ठेवल्यावर मांस मऊ होतं ते मुख्यतः एका गोष्टीमुळे. स्नायूंना एकत्र बांधणारे जे पांढरे चिवट पडदे असतात, त्यातलं कोलॅजन हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं. पाया शिजवल्यावर ओठांना जो चिकटपणा लागतो तो हाच. ६० अंश सेल्सिअसच्या आसपास हे विरघळणं अगदी सावकाश सुरू होतं, ७०-८० च्या पुढे वेग घेतं, आणि त्याला तास लागतात. त्याच तासांत स्नायूंचे तंतू आवळून आपलं पाणी बाहेर टाकत असतात. म्हणजे एकीकडून पाणी जातं, दुसरीकडून जिलेटिन आणि वितळलेली चरबी त्याची जागा भरून काढतात. रानेत भरून काढायला फारसं काही नसतंच. म्हणून तिथे वेळ वाढवला की मटण मऊ होण्याऐवजी आणखी कोरडं होत जातं.

खांद्याचं गणित उलटं आहे. आपल्या इंदूरच्या दुकानांत ज्याला दस्त म्हणतात तो, म्हणजे खांद्यासकट अख्खा पुढचा पाय. तिथे लहान लहान स्नायू, प्रत्येकाभोवती पडदा, मधून चरबीच्या रेषा आणि आत फावड्यासारखं चपटं हाड. बोटी करून रस्सा केला तर लोक कुरकुरतात, हाडंच फार म्हणून. धुरासाठी याहून चांगला तुकडा बोकडात नाही. माझं मत विचाराल तर पहिले सहा महिने दस्त सोडून दुसरं काही धुरवूच नये.

मागताना मात्र स्पष्ट मागावं लागतं, कारण दुकानातला हात बोटी करायच्या सवयीचा असतो. तुम्ही पैसे काढेपर्यंत दोन घाव पडलेले असतात. मी वजनकाट्यावर ठेवण्याआधीच सांगते, ‘चाचा, दस्त साबुत देना, बोटी मत करना, ऊपर की चरबी भी रहने देना.’ पहिल्यांदा त्यांनी दोनदा विचारलं, ‘साबुत? पक्का, भाभी?’ आता मला पाहिलं की तेच सुरा खाली ठेवतात. मान पुरी वेगळी करून मागा, गुडघ्याखालची नळी तोडून वेगळी घ्या. मधला तुकडा एक ते सव्वा किलोचा निघतो. शक्य असेल तर खस्सी केलेला बोकड मागा, त्याच्या अंगावर चरबी जास्त असते. चरबी पांढरी किंवा हलकी साईच्या रंगाची आणि मांस गुलाबीसर लाल असावं. मांस काळपट लाल आणि तंतू जाड दिसले तर जनावर वयस्क आहे. वयाबरोबर कोलॅजन जास्त घट्ट विणलं जातं, त्याला दीड-दोन तास जास्त लागतात, आणि तेवढ्यात बाकीचं मांस सुकतं. पोटातली चरबीची जाळी मिळाली तर तीही मागून घ्या. मंद आचेवर दस्तावर ती पसरून टाकली की दोन तास वरून आपोआप तूप सोडल्यासारखं होतं.

इंटरनेटवरच्या पाककृती वाचून गोंधळ होतो तो इथेच. तिथे बारा-चौदा तासांचा हिशोब असतो, कारण तो गाय-बैलाच्या छातीचा किंवा डुकराच्या खांद्याचा चार-सहा किलोचा तुकडा असतो, आरपार चरबीनं भरलेला. इथे बीफचा प्रश्नच नाही. पोर्क बहुतेक घरांत आणत नाहीत. लँब म्हणून जे लिहिलेलं असतं ते कोवळं मेंढरू, त्याच्या मांसातही आपल्या बोकडापेक्षा चरबी जास्त. बोकडाची बरीचशी चरबी पोटात आणि गुर्द्याभोवती असते, मांसात कमी. सव्वा किलोच्या दस्ताला ११० ते १२० अंशांच्या आचेवर साडेचार-पाच तास पुरतात. बारा तास ठेवलात तर लाकूड हाती येईल.

आता दुसरी चूक. हिच्याविषयी कुणी बोलत नाही आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त घरांत खरं दुखणं हेच असतं: मटण फार ताजं असतं.

आपल्याला सकाळी कापलेलं, हाताला ऊबदार लागणारं मटणच ताजं वाटतं आणि रश्श्यासाठी ते ठीकच आहे. पण कापल्यानंतर काही तासांत जनावराचे स्नायू आखडतात. स्नायू सैल सोडायलाही शरीराला ऊर्जा लागते. ती संपली की तंतू एकमेकांत अडकून तसेच बसतात. दुकानात मऊ, लोळणारा असलेला तुकडा घरी येईपर्यंत ताठ का झाला, हे कधी लक्षात आलंय का? तोच हा ताठरपणा. पुढे मांसातलेच पाचक रस तंतूंना हळूहळू कुरतडतात आणि मांस पुन्हा सैल पडतं. त्याला एक दिवस तर लागतोच, दोन दिवस दिले तर फरक बोटांना कळतो. मी धुळवडीच्या सकाळी साडेआठला आणलेलं मटण साडेदहाला आचेवर चढवलं, म्हणजे बरोबर ताठ अवस्थेत. कुकरमध्ये हे झाकलं जातं, कारण तिथे दाबाखालची वाफ १२० अंशांपर्यंत जाते आणि मांसही तितकंच तापतं. ड्रमच्या आत हवा ११५ अंशांची असली तरी ती कोरडी असते, आणि मांसाचा गाभा ९० गाठायलाच चार तास घेतो. तिथे ताठ मटणाला कुणी वाचवत नाही.

माझ्या सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांना काहीच नवल वाटलं नाही. त्यांचं माहेर देवासचं. शिकारबंदीच्या आधी, म्हणजे १९७२ च्या कायद्याच्या आधीच्या थंडीत, त्यांच्या वडिलांकडे आलेली शिकार रात्रभर टांगून ठेवत आणि दुसऱ्या दिवशीच चुलीवर घेत. ‘अगं, त्याच दिवशी शिजवलेली शिकार कुणाच्या दाताखाली मोडायची?’ एवढंच त्या म्हणाल्या. कारण त्यांना ठाऊक नव्हतं, रीत ठाऊक होती.

इंदूरच्या हवेत, थंडी सोडली तर, बाहेर टांगायचा विचारही करू नये. फ्रिज वापरा. पण आणल्या आणल्या फ्रीझरमध्ये टाकू नका. ऊबदार मांस आखडायच्या आधीच एकदम गार झालं तर तंतू आणखी जोरात आवळतात आणि तो कडकपणा नंतर जात नाही. लहान बोटींना हा धोका जास्त असतो, कारण त्या झटकन गार होतात. अख्खा दस्त हळूहळू गार होतो आणि हाडाला धरून असलेल्या स्नायूंना आवळायला जागाही मिळत नाही. साबुत मागायचं हे आणखी एक कारण. धुऊ नका, कापडानं टिपून घ्या, जाळीवर ठेवून फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी मीठ चोळा: किलोला १२ ते १५ ग्रॅम, मोजून, चिमटीनं नाही. मीठ रात्रभर आत उतरतं आणि तंतूंना पाणी धरून ठेवायला मदत करतं. झाकण न घालता ठेवलं तर वरची कातडी किंचित सुकून चिकट होते. अशा पृष्ठभागावर धूर छान बसतो. म्हणजे रविवारी धुरवायचं असेल तर मटण शुक्रवारी सकाळी आणायचं. धुळवडीचं असेल तर होळीच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी दुकानात रांगही नसते.

तिसरी चूक पपई. कच्च्या पपईतला पपेन ६०-७० अंशांच्या आसपास सर्वांत जोरात काम करतो. तव्यावर किंवा तंदुरात मांस हा टप्पा काही मिनिटांत ओलांडतं, म्हणून तिथे पपई कामाची. धुरात मांसाचा बाहेरचा थर याच तापमानात दीड-दोन तास अडकून असतो. पपेन मांसात खोल शिरत नाही, त्यामुळे बाहेरचा बोटभर थर पार पचून पीठ होतो आणि आत काहीच फरक पडत नाही. बाहेर भुरभुरीत, आत वातड, असं ज्यांचं होतं त्यांनी मसाला पाहावा, त्यात पपई निघेलच. मांस मऊ करायला कचरी, म्हणजे छोटी रानकाकडी, कुटून घालण्याची चाल काही घरांत आहे, तीही मी इथे वापरत नाही. दही चालतं, पण पातळ थर, आणि धुरवायच्या आधी निथळून पुसून टाका. ओल्या दह्यावर धूर काजळीसारखा बसतो.

इतकं सगळं जमल्यावरही एक भीती उरते, आणि तिच्यापायी चांगला चाललेला तुकडा बिघडतो. सळईचा थर्मामीटर लावलेला असतो, काटा छान चढत जातो आणि ६५ ते ७० च्या मध्ये कुठेतरी येऊन थांबतो. अर्धा तास, एक तास हलतच नाही. माणूस घाबरून कोळसा ओततो, आच १६० वर जाते, बाहेरचं जळतं. थांबण्याचं कारण घरच्या माठात आहे. माठाच्या अंगावरून पाणी झिरपून उडतं म्हणून आतलं पाणी गार राहतं. दस्ताच्या अंगावरूनही तसंच पाणी उडत असतं आणि जितकी उष्णता मिळते तितकी ते खर्च करतं. पावसाळ्यात दमट हवेत हा थांबा लहान असतो, चैत्र-वैशाखातल्या कोरड्या हवेत लांबतो. अशा वेळी काटा ६८-७० ला अडला की दस्त काढा, चमचाभर तूप आणि दोन चमचे पाणी टाकून दुहेरी फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा आणि परत ठेवा. धूर घ्यायचा तो तुकड्यानं पहिल्या दोन-अडीच तासांतच घेतलेला असतो, गुंडाळल्यानं चव जात नाही. पाणी उडणं थांबतं आणि काटा पुन्हा चालू लागतो.

कुठे थांबायचं? दस्ताला ९० ते ९३. हॉटेलातल्या रोस्टचं ६३ वगैरे वाचून काढलंत तर पडदे विरघळलेलेच नसतील. थर्मामीटरपेक्षा मी हाडावर जास्त विश्वास ठेवते. चपटं हाड धरून हलवलं आणि ते सैल हललं, सळई पिकलेल्या चिकूत जावी तशी गेली, की झालं. थर्मामीटरचं टोक हाडाला टेकू देऊ नका, खोटा आकडा येतो. आणि नवा थर्मामीटर उकळत्या पाण्यात तपासताना तो ९८ दाखवत असेल तर परत करायला जाऊ नका. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे, इथे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. बर्फाच्या पाण्यात मात्र शून्यच यायला हवं.

दस्त जमला की सीना घ्या. छातीचा हा तुकडा लोक स्वस्तातला म्हणून सोडून देतात, पण चरबी आणि मांसाचे थर एकावर एक असलेला बोकडातला हा एकमेव भाग. फासळ्यांसकट अख्खी पाटी मागायची, आतल्या बाजूची पातळ झिल्ली कापडात धरून सोलून काढायची. तीन-साडेतीन तासांत होतो. गर्दनही अप्रतिम, चवीला तर दस्ताहून वरचढ, पण तिच्यात वरच्या बाजूनं एक पिवळसर दोरी जाते, ती आधी ओढून काढा. ती कोलॅजनची नसते, इलॅस्टिनची असते आणि ते कितीही शिजवलं तरी विरघळत नाही. ‘गर्दन कधीच मऊ होत नाही’ म्हणणाऱ्यांच्या दाताखाली बहुतेक हीच दोरी आलेली असते. नळ्या बारीक असतात, लवकर सुकतात. तासभर धूर देऊन सरळ सुपात टाका. चाप (फासळीचे तुकडे) आणि पुठ (पाठीचं मांस) या कामाला नकोत, त्यांना जोराची आच आणि थोडा वेळ लागतो.

आणि रान? घरात हट्ट असेलच तर दीड तास फक्त धूर द्या, मग जाड बुडाच्या हंडीत तूप, दही, खडा मसाला घालून झाकण कणकेनं बंद करा आणि मंद आचेवर अडीच-तीन तास ठेवा. आमच्याकडे आता पाहुण्यांना रान अशीच मिळते. तिच्यात धूर असतो, पण ती कोरड्या धुरावर शिजलेली नसते.

कोंबडीबद्दल थोडक्यात. ब्रॉयलरची तंगडी मांडीसकट घ्या आणि कातडी ठेवायला सांगा, नाहीतर दुकानदार न विचारता सोलून देतो. मंद आचेवर कातडी रबरासारखी होते, म्हणून कोंबडीला आच १५० च्या वर हवी. गाभा ७४ ला सुरक्षित होतो, तंगडी ८० ला जास्त चांगली लागते. छाती एकटी धुरवू नका. गावरान कोंबडी नको. झाबुआचा कडकनाथ, ज्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो तर मुळीच नको. तो अंगानंच कमी चरबीचा आणि घट्ट मांसाचा पक्षी, त्याचा मान रश्श्यात आहे. त्याला धुरात वाया गेलेलं पाहून मला खरंच वाईट वाटतं.

लाकडाचं फार मनावर घेऊ नका. खाली बाभळीचा कोळसा, वर आंबा, जांभूळ किंवा पेरूचे वाळलेले तुकडे. निंब कडू, निलगिरी औषधी, आणि सुतारकामाच्या भुशात प्लायवूडचा गोंद असतो, तो विषारी. बाफले, म्हणजे कणकेचे गोळे, भाजायच्या गोवऱ्यांवर चालेल का असं इंदुरात हमखास विचारलं जातं. बाफला तासाभरात राख झटकून तुपात बुडवतात, मटण पाच तास उघडं असतं, गोवरीचा वास त्यात मुरतो. धूर पातळ, निळसर हवा. दाट पांढरा धूर आला तर झाकणाची हवा वाढवा, तो कडवट असतो. हे सगळं उघड्या गच्चीवरच करा, बंद गॅलरीत कधीच नाही, कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. आणि कापल्यावर कडेला गुलाबी कडं दिसलं तर कच्चं राहिलं समजून परत चढवू नका. धुरातल्या वायूंमुळे मांसातला लाल रंग तिथे पक्का होतो. मधोमध काटा ९० दाखवत असेल तर मटण झालेलंच आहे.

काढल्यावर फॉइलसकट जाड टॉवेलमध्ये गुंडाळून पाऊण तास रिकाम्या डब्यात ठेवा, रस परत मांसात बसतो. मग मात्र लगेच पानं घ्या. बोकडाची चरबी लवकर गोठते. गार दस्त खाल्ला तर टाळूला मेणासारखी चिकटते आणि पाच तासांची मेहनत चांगली असूनही वाईट लागते. पोळ्या आधी करून ठेवा, माणसं आधी बसवा, दस्त शेवटी उघडा.